एकाच मळ्यात दोन प्रकारचे तपकिरी तुडतुडे : आखूड पंख, लांब पंख आणि भाताचा रस

खाचरकाठ (राजापूर)

नमस्कार. आमची खाचरे नदीकाठच्या मळ्यात आहेत. यंदा एका खाचरात हळवे (लवकर पिकणारे) आणि बांधापलीकडच्या खाचरात गरवे (उशिरा पिकणारे) भात लावले आहे. भाद्रपदात पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली आणि दमट ऊन पडू लागले, म्हणून मी दोन्हीकडच्या चुडांची (भाताच्या रोपांच्या झुबक्यांची) बुडे हाताने फाकवून पाहिली. पाण्याच्या जरा वर, खोडाला चिकटून तपकिरी तुडतुडे बसलेले होते. हे पाहण्याची मला सवय आहे. परंतु या वेळी सोबत भिंग होते आणि त्यामुळे एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली.

गरव्या भातात, जे अजून पोटरीतही (लोंबी बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेतही) आलेले नाही, तिथे बहुतेक मोठे तुडतुडे ठेंगणे आणि फुगीर पोटाचे होते. त्यांचे पंख पाठीच्या मध्याच्या थोडे पुढे जाऊन संपत होते आणि पोटाचा शेवटचा भाग उघडा दिसत होता. हळव्या भातात लोंब्या भरून पिवळ्या पडू लागल्या आहेत. तिथे बहुतेक तुडतुडे सडपातळ होते आणि त्यांचे पारदर्शक पंख पोटाच्या टोकापलीकडे गेलेले होते. चुडाला टिचकी मारल्यावर ठेंगणे तुडतुडे उडी मारून पाण्यावर पडत, तर लांब पंखांच्या तुडतुड्यांपैकी काही उडून शेजारच्या चुडावर जात.

दोन्ही खाचरांमध्ये फक्त एक बांध आहे. माती एक, पाणी एक, हवा एक. मग ह्या दोन वेगळ्या जाती आहेत, की एकच जात दोन रूपांत दिसते आहे? आणि एकच जात असेल, तर बांध ओलांडल्यावर रूप बदलण्याचे कारण काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मळेवाट (अलिबाग, खारेपाट)

आमच्याकडे जुनी माणसे आखूड पंखांच्या तुडतुड्याला पिल्लूच समजतात, आणि मीही आजवर तसेच समजत आलो. पिल्लाला पंख फुटायचे असतात, म्हणून ते ठेंगणे दिसते, असे माझे मत आहे. आपल्या गरव्या खाचरात पिल्ले असतील आणि हळव्यात तीच वाढून मोठी झालेली असतील. जात कोणतीही असली तरी दोन्ही रस शोषतात, त्यामुळे मी आपल्या जागी असतो तर वेळ न दवडता फवारणी केली असती.

कीटकवही (दापोली)

मळेवाट, आपली शंका रास्त आहे, कारण पिल्लू आणि आखूड पंखांचा प्रौढ यांत घोटाळा होणे अगदी साहजिक आहे. फरक ओळखण्याची खूण सांगतो. पिल्लाच्या पाठीवर पंखांचे केवळ कोंब असतात. ते जाड, अपारदर्शक आणि अंगाला जोडलेले दिसतात. आखूड पंखांच्या प्रौढाचे पंख आखूड असले तरी पातळ असतात, त्यांत शिरा स्पष्ट दिसतात आणि सुईच्या टोकाने ते अलगद उचलता येतात. शिवाय आखूड पंखांच्या मादीचे पोट अंड्यांनी फुगलेले असते, आणि अंडी घालणारा कीटक पिल्लू असूच शकत नाही.

दोन्ही रूपे एकाच जातीची आहेत. तिचे शास्त्रीय नाव निलापर्वता ल्युजेन्स. मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाशी एक मोठा, हलणारा काटा असतो. ती या कुळाची खूण आहे आणि ती दोन्ही रूपांत सापडते. लांब पंखांचा नर आणि आखूड पंखांची मादी यांचे मीलन होते आणि त्यांची संततीही पुढे प्रजननक्षम असते. एकाच मादीच्या अंड्यांतून, पिल्ले कशी वाढली त्यानुसार, दोन्ही प्रकारचे प्रौढ निपजू शकतात.

आता मुख्य मुद्दा. पिल्लू पाच अवस्थांतून जाते आणि त्याला साधारण दोन आठवडे लागतात. या काळात ते कोणत्या भातावर वाढते आणि आजूबाजूला किती दाटी आहे, यावरून त्याचे पंख लांब होणार की आखूड हे ठरते. शेवटची कात टाकली की निर्णय कायमचा झाला; आखूड पंखांचा प्रौढ नंतर कधीही लांब पंखांचा होत नाही. जपानमधील कीटकशास्त्रज्ञ किसिमोतो यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत पिल्लांना एकेकटे आणि दाटीवाटीने वाढवून हे दाखवले होते. दाटी वाढली की माद्यांमध्ये लांब पंखांचे प्रमाण वाढते. नरांचे वागणे थोडे निराळे असते आणि ते सगळीकडे सारखे आढळत नाही, म्हणून शेतात निरीक्षण करताना माद्यांवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगाचे.

दोन रूपांची कामेही वेगळी आहेत. आखूड पंखांच्या मादीला उडण्याचे स्नायू पोसावे लागत नाहीत. ती लवकर अंडी घालू लागते आणि तीनशेच्या वर अंडी घालू शकते. लांब पंखांची मादी कमी अंडी घालते आणि उशिरा सुरुवात करते. मात्र ती दुसऱ्या शेतात जाऊ शकते. जिथे भात कोवळे आहे तिथे बसून वंश वाढवायचा, आणि जिथे भात संपत आले तिथून निघून जायचे, अशी ही विभागणी आहे. खाचरकाठ, आपल्या बांधाच्या दोन बाजूंना आपण हेच पाहिले आहे.

वायंगण (कुडाळ)

कीटकवही, आपले स्पष्टीकरण पटले, परंतु दोन गोष्टी मला खटकतात.

पहिली गोष्ट अशी की हळवे भात पिकत आले तेव्हा तिथे तुडतुड्यांच्या एक-दोन पिढ्या होऊन दाटीही वाढलेली असणार. म्हणजे म्हातारे भात आणि दाटी ही दोन्ही कारणे एकाच वेळी हजर आहेत. मग पंख लांब झाले ते आहारामुळे की दाटीमुळे, हे या निरीक्षणावरून कसे ठरवायचे? दाटी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला रसही कमी येत असेल. म्हणजे दाटीचा परिणामसुद्धा शेवटी आहाराचाच असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे यात आनुवंशिकतेला काहीच जागा नाही का? आमच्याकडे वायंगणी (उन्हाळी) भातावर येणारे तुडतुडे आणि पावसाळी भातावरचे तुडतुडे यांत मला नेहमी फरक जाणवतो.

कीटकवही (दापोली)

वायंगण, आपला पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. एकट्या शेतातल्या निरीक्षणावरून ही दोन कारणे खरोखरच वेगळी करता येत नाहीत, आणि मी वर ते पुरेसे स्पष्ट केले नव्हते. ती प्रयोगशाळेतच वेगळी करावी लागतात, आणि तशी ती केली गेली आहेत.

२०१५ साली चीनमधील हांगझोऊ येथील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याच तुडतुड्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या शरीरात इन्शुलिन साखरेचा निरोप पेशींपर्यंत पोहोचवते आणि तो निरोप घेणारी ग्राही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर असतात. या तुडतुड्यात अशी दोन ग्राही प्रथिने एकमेकांच्या विरुद्ध काम करतात असे त्यांना आढळले. पहिले ग्राही प्रथिन जागे असेल तर पंखांच्या कोंबांना वाढीचा आदेश मिळतो आणि पंख लांब होतात. दुसरे प्रथिन पहिल्याला आवरून धरते आणि मग पंख आखूड राहतात. पिल्लात पहिल्याचे जनुक निष्प्रभ केले की प्रौढ आखूड पंखांचे निघाले. दुसऱ्याचे निष्प्रभ केले की लांब पंखांचे निघाले. पिल्लू तेच, भात तोच, आणि तरीही रूप पालटले. म्हणजे दोन्ही रूपे घडवण्याची पूर्ण सामग्री प्रत्येक पिल्लाकडे असते आणि बाहेरची परिस्थिती तिच्यातली एक वाट निवडते.

आहाराचा धागा २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने जोडला. भात पिकू लागते तसे त्यातील ग्लुकोजचे प्रमाण वाढते, आणि अशा भातावर वाढलेल्या पिल्लांत लांब पंखांचे प्रमाण अधिक असते, असे त्यात दिसून आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पिल्लांना मिळणारे ग्लुकोज मुद्दाम वाढवले तेव्हाही लांब पंखांचे प्रमाण वाढले. म्हणजे दाटी बाजूला ठेवली तरी आहाराचा स्वतंत्र परिणाम उरतोच.

इथे एक कोडे आहे आणि मला स्वतःला या विषयात तेच सर्वांत सुंदर वाटते. साखर वाढणे म्हणजे अन्न चांगले असणे, असे आपण समजतो. मग साखर वाढल्यावर तुडतुड्याने तिथेच राहायचे सोडून पंख का वाढवावेत? उत्तर भाताच्या रसाच्या घडणीत आहे. तुडतुडा अन्नवाहिन्यांतून जो रस ओढतो त्यात साखर नेहमीच भरपूर असते. इतकी, की जास्तीची साखर त्याला चिकट स्रावाच्या रूपाने बाहेर टाकावी लागते आणि त्या स्रावावर काळी बुरशी वाढते. साखरेचा तुटवडा त्याला कधी नसतोच. तुटवडा असतो तो नत्राचा, म्हणजे अमिनो आम्लांचा. ती गरज इतकी कडक आहे की त्याच्या शरीरातील चरबीच्या पेशींत यीस्टसारखे सहजीवी राहतात आणि तुडतुड्याचेच टाकाऊ यूरिक आम्ल पुन्हा वापरात आणून त्याला अमिनो आम्ले पुरवतात. भात कोवळे असताना, फुटवे फुटत असताना, रसात अमिनो आम्ले पुष्कळ असतात. दाणा भरू लागला की नत्र लोंबीकडे जाते. तुडतुड्याच्या दृष्टीने गोडी वाढते आणि सत्त्व घटते. म्हणून वाढलेली साखर ही त्याच्यासाठी सुबत्तेची वार्ता नसून भात संपत आल्याची सूचना आहे, असे मी समजतो. हे शेवटचे वाक्य माझा अर्थ आहे. वरची निरीक्षणे संशोधकांची आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत : आनुवंशिकतेला निश्चितच जागा आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या केवळ आखूड पंखांचे किंवा केवळ लांब पंखांचे तुडतुडे निवडून वाढवले, तर जवळजवळ एकाच रूपाच्या वंशावळी तयार करता येतात. याचा अर्थ किती दाटीला किंवा किती जुन्या भाताला पंख लांब व्हायचे, तो उंबरठा वंशागत असतो. परंतु नेहमीच्या शेतात तो उंबरठा ओलांडला जातो की नाही हे परिस्थिती ठरवते.

चारसूत्री (कर्जत)

नत्राचा विषय निघाला म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. आम्ही युरिया एकदम टाकतो तेव्हा भात काळेभोर हिरवे होते, आणि त्या हिरवेपणावर आम्ही खूश होतो. तुडतुड्याच्या मादीलाही नेमके तेच हवे असते. नत्राने लुसलुशीत झालेल्या भातावर पिल्ले लवकर वाढतात, अधिक जगतात आणि अधिक अंडी घालणाऱ्या माद्या निपजतात. भर पावसात खत टाकून ते वाहून जाते, मग पुन्हा टाकावे लागते आणि पोटरीच्या वेळी भात गरजेपेक्षा कोवळे राहते, हा आमच्या भागातला नेहमीचा प्रकार आहे.

चारसूत्री पद्धतीत चुडांमधले अंतर २५ आणि १५ सेंटीमीटर असे आलटून-पालटून ठेवतात आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट चिखलात दाबतात. त्यामुळे खत हळूहळू लागू होते आणि चुडांच्या बुडाशी वाराही खेळतो. आमच्या खाचरात ही पद्धत सुरू केल्यापासून करपलेले गोल चट्टे कमी दिसतात. मात्र पद्धतीबरोबर आमची खताची एकूण मात्राही कमी झाली, त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यावे हे मी ठामपणे सांगणार नाही.

खाचरकाठ यांना एक विचारायचे आहे : गरव्या भाताला आपण युरियाचा दुसरा हप्ता केव्हा दिला होता?

खाचरकाठ (राजापूर)

गणपतीच्या आधी, आणि खरे सांगायचे तर जरा सढळ हाताने. पाऊस लांबला होता, भात पिवळट दिसत होते, म्हणून दिला. आता आपण लिहिलेले वाचून त्या खाचरात ठेंगण्या माद्या इतक्या का, हे उमगू लागले आहे. पुढचा हप्ता मी थांबवतो.

मळेवाट (अलिबाग, खारेपाट)

माझी समजूत चुकीची होती हे मान्य करतो. काल संध्याकाळी भिंग घेऊन खाचरात गेलो आणि कीटकवहींनी सांगितलेली पंखांतल्या शिरांची खूण पाहिली. ज्यांना मी इतकी वर्षे पिल्ले म्हणत आलो, त्यांतली बरीच अंड्यांनी भरलेल्या माद्या निघाल्या.

यामुळे आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडवीतल्या दिव्यावर तुडतुडे आले की आम्ही म्हणायचो, आता कीड लागली. परंतु दिव्यावर उडून येणारे सगळे लांब पंखांचेच असणार. माझ्याच खाचरात ठेंगण्या माद्या वाढत असतील, तर त्या दिव्यावर कधीच दिसणार नाहीत. म्हणजे दिवा शांत आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे, आणि चुडाचे बूड पाहण्याला पर्याय नाही.

कीटकवही (दापोली)

मळेवाट, हे आपण फार नेमके लिहिले आहे. वाढीच्या काळात खरा धोका ठेंगण्या मादीचाच असतो. शेतात प्रथम येऊन पोहोचतात ते थोडे लांब पंखांचे तुडतुडे. त्यांची पिल्ले कोवळ्या भातावर विरळ वाढतात म्हणून आखूड पंखांची होतात. त्या माद्या एका जागी बसून पुष्कळ अंडी घालतात. आणि पुढच्या पिढीत चुडाभोवती इतकी दाटी होते की भात वाळून गोल चट्टा पडतो. तोवर पुष्कळांना लांब पंख आलेले असतात.

फवारणीबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते. चुडागणिक दहाच्या आसपास तुडतुडे दिसल्याशिवाय घाई करू नये. आधी दोन-तीन दिवस खाचरातले पाणी काढून टाकावे आणि कोळी किती आहेत ते पाहावे. लांडगा कोळी आणि अंडी शोषणारा हिरवा मिरीड ढेकूण हे या तुडतुड्याचे मोठे शत्रू आहेत. सरसकट औषधाने ते मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि कीड दुपटीने उसळते. इंडोनेशियात हाच अनुभव आल्यावर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली होती. फवारणी करावीच लागली तर ती चुडाच्या बुडाशी पोहोचेल अशीच करावी. शेंड्यावर मारलेले औषध तिथवर जात नाही.

परसबाग (चिपळूण)

मी भात करत नाही, पण परसात चवळी आणि वाल असतात. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दाटला की काही दिवसांनी त्यात पंखवाले दिसू लागतात. तोही असाच प्रकार आहे का? आणि आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांतही अशी दोन रूपे असतात का?

कीटकवही (दापोली)

मावा हे याचे उत्तम उदाहरण आहे. आपल्या चवळीवरच्या माव्याच्या माद्या नराशिवाय पिल्ले देतात, त्यामुळे पंखवाली आणि बिनपंखी बहीण आनुवंशिकदृष्ट्या सारख्याच असतात. तरीही दाटी झाली किंवा शेंडा जून झाला की पंखवाल्या जन्मू लागतात. फरक असा की माव्यात दाटीची जाणीव बहुधा आईला होते आणि तिच्या पोटातच पिल्लाची वाट ठरते. भातावरच्या तुडतुड्यात पिल्लू स्वतः अनुभव घेते.

आंब्यावरचे तुडतुडे निराळ्या कुळातले आहेत. त्यांच्या सर्व प्रौढांना पूर्ण पंख असतात. भातावरचे हिरवे तुडतुडेही तसेच. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यात मात्र माद्यांची दोन रूपे आढळतात आणि नर जवळजवळ सगळे लांब पंखांचे असतात. आपण सर्वांना ‘तुडतुडे’ या एकाच शब्दाने ओळखतो, त्यामुळे घोटाळा होतो.

वायंगण (कुडाळ)

हे लांब पंखांचे तुडतुडे जातात तरी किती दूर?

कीटकवही (दापोली)

जपान आणि कोरियात ते हिवाळ्यात तग धरू शकत नाहीत. दर वर्षी दक्षिण चीनकडून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून तिथे पोहोचतात. १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेस भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-जहाजावर असे तुडतुडे उतरताना नोंदवले गेले, तेव्हा हा प्रवास प्रत्यक्ष दिसला. चार मिलीमीटरच्या आसपासचा हा जीव स्वतःच्या बळावर एवढे अंतर काटत नाही. तो पंखांनी हवेत चढतो आणि पुढचे काम वारा करतो. जिथे एकामागून एक भाताची पिके घेतली जातात, तिथे त्याला इतके दूर जाण्याची गरजही पडत नाही.

खाचरकाठ (राजापूर)

थोडा उशीर झाला, परंतु एक छोटा प्रयोग करून मगच लिहावे असे ठरवले होते. एकाच चुडावरची अगदी लहान पिल्ले घेऊन ती दोन कुंड्यांत सोडली. एका कुंडीत गरव्याचे फुटव्यातले रोप होते आणि दुसरीत हळव्याचे पिकू लागलेले चूड मातीसकट उचलून लावले होते. दोन्हींत पिल्ले मोजून सारखीच आणि थोडी ठेवली, म्हणजे दाटीचा प्रश्न उरू नये, आणि वरून जुन्या मच्छरदाणीचे कापड बांधले. कोवळ्या रोपावर ज्या माद्या झाल्या त्या एक सोडून सर्व ठेंगण्या निघाल्या. पिकत्या चुडावर काही पिल्ले मेली, आणि जी जगली त्यांत लांब पंखांच्या अधिक होत्या. पिल्ले इतकी थोडी होती की यावरून मी काही सिद्ध झाले असे म्हणणार नाही. तरी स्वतःच्या पडवीत हे घडताना पाहून फार समाधान वाटले.

हळवे भात दसऱ्यानंतर कापले. कापणीच्या आधीच्या दोन रात्री पडवीतल्या दिव्यावर पुष्कळ तुडतुडे आले. भिंगाखाली पाहिलेले सर्व लांब पंखांचे होते. गरव्या खाचरातले पाणी काढले, युरिया थांबवला, फवारणी केली नाही. कडेला दोन लहान चट्टे पडले आणि तिथेच थांबले.

वायंगण, आपल्याकडे मार्गशीर्षाच्या सुमारास वायंगणीचा तरवा (लावणीची रोपे) तयार होईल. त्यावर पहिला तुडतुडा दिसेल तेव्हा त्याचे पंख पाहून इथे अवश्य लिहावे. माझा अंदाज लांब पंखांचा आहे.